पाच लाख रुपये, २००९ ची स्विफ्ट आणि शर्यतीचे पहिले वर्ष

निपाणीच्या एका २४ वर्षांच्या तरुणाने विचारले आहे की, घरात २००९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, नोकरीतून जमवलेले ५ लाख रुपये हाताशी आहेत, कोल्हापूरला जाऊन कार्टिंगवर हात बसवला आहे आणि आता क्लब पातळीवरच्या कार शर्यतींत उतरायचे आहे. रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा, आत बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा), फ्री फ्लो सायलेन्सर (धूर अधिक मोकळेपणाने बाहेर सोडणारा) आणि इंजिनाचे थोडे काम करून हीच गाडी शर्यतीला आणि एरवी कामावर जायला अशी दोन्हीकडे वापरता येईल का, सुरुवात कोणत्या बदलापासून करावी आणि काळजीत पडलेल्या आईवडिलांना सुरक्षिततेबद्दल काय सांगावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी बेळगावात उद्यमबागेत गॅरेज चालवतो. रस्त्यावरच्या गाड्यांबरोबरच ऑटोक्रॉस, रॅली आणि सर्किटवर पहिल्यांदा उतरणाऱ्यांच्या गाड्या तयार करण्याचे काम आमच्याकडे होते आणि स्पर्धेच्या ठिकाणी स्क्रुटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधी गाडी आणि साहित्य नियमांप्रमाणे आहे का ते तपासण्याच्या, रांगेत मी या मुलांबरोबर उभा असतो. उत्तर त्या कामाच्या अनुभवातून देतो आहे.

‘काय बदलू?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात खरे तर दुसराच प्रश्न असायला हवा: या पैशांत मला प्रत्यक्ष ट्रॅकवर किती वेळ गाडी चालवायला मिळेल? ब्रेक कुठे सोडायचा, वळणात गाडीचे वजन कोणत्या चाकावर जाते, शेजारून दुसरी गाडी आत शिरत असताना आपली रेषा कशी राखायची, हे सगळे ट्रॅकवरच्या मिनिटांतच शिकता येते. म्हणून प्रत्येक खर्चाला मी एकच कसोटी लावतो: या खर्चाने ट्रॅकवरचा वेळ वाढणार आहे की कमी होणार आहे? ब्रेक, रेडिएटर, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) आणि टायर यांच्यावर केलेला खर्च वेळ वाढवतो, कारण गाडी मध्येच बंद पडून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, उभी राहत नाही. इंजिनाची ताकद वाढवण्याचा खर्च नवशिक्याच्या बाबतीत बहुतेक वेळा तो वेळ खातो. सुरक्षिततेचा खर्च मात्र या कसोटीच्या बाहेर आहे. तो सर्वांत आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्या पैशांत जेवढी शर्यत बसेल तेवढीच करायची.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुम्हाला ऑटोक्रॉस करायचे आहे की सर्किटवरची शर्यत, यावर अर्धे उत्तर ठरते. ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी, किंवा पुरेसे अंतर ठेवून सोडलेल्या मोजक्या गाड्या, मातीच्या आखलेल्या मार्गावर घड्याळाविरुद्ध धावतात. दुसऱ्याची गाडी अंगावर येण्याचा धोका तिथे बराच कमी असतो आणि काही गटांत जवळजवळ मूळ अवस्थेतली गाडी चालते. सर्किटवर वीस गाड्या एकाच वळणावर एकाच वेळी पोहोचतात. दुसरी गोष्ट म्हणजे नियमपुस्तक. ज्या गटात उतरणार त्या गटाचे त्या वर्षीचे नियम हातात घेतल्याशिवाय पाना उचलू नये, कारण या खेळात ज्या बदलाला नियमांत स्पष्ट परवानगी नाही तो बदल निषिद्ध मानला जातो. हौसेने बसवलेला महागडा सुटा भाग स्क्रुटिनीत काढून ठेवावा लागलेली मुले मी पाहिली आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे तुमच्या नोकरीत सुट्टी किती मिळते, कारण आपल्या भागातून ट्रॅक लांब आहेत.

या अंतराचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे साधारण २.१ किलोमीटरचा आहे आणि चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किट सुमारे ३.७ किलोमीटरचे आहे. बेळगावहून दोन्हीकडे जायला ८०० ते ९०० किलोमीटर प्रवास करावा लागतो, म्हणजे ट्रेलरवर किंवा टेम्पोवर गाडी चढवून गेलात तर जाण्याचा एक दिवस, येण्याचा एक दिवस, वाहनाचे भाडे, डिझेल, टोल, दोघातिघांचे राहणे-जेवणे हे सगळे प्रवेश शुल्काच्या आधीच खर्ची पडते. आणि सराव, क्वालिफाइंग (सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेऱ्या) आणि दोन-तीन छोट्या शर्यती मिळून त्या शनिवार-रविवारी प्रत्यक्ष गाडी धावते ती तास-दीड तास. म्हणजे एका फेरीचा एकूण खर्च त्या तास-दीड तासाने भागला की शर्यतीची खरी किंमत समजते. त्या आकड्याशेजारी फ्री फ्लो सायलेन्सरची किंमत मांडून पाहिली की कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे आपोआप ठरते. शिवाय एवढ्या लांब जाऊन पहिल्याच सत्रात पन्नास रुपयांच्या होज क्लॅम्पपायी पाणी गळून गाडी बसली, तर तासाची ती किंमत किती चढते याचाही विचार करावा.

आता पहिला प्रश्न. तीच गाडी रोज कामावर आणि केज बसवून शर्यतीतही वापरता येईल का? माझे स्पष्ट मत आहे की असे करू नये, आणि त्याचे पहिले कारण कायद्याचे नसून डोक्याचे आहे. रोल केजची नळी चालकाच्या डोक्यापासून काही इंचांवर असते. शर्यतीत डोक्यावर हेल्मेट असते, अंग हार्नेसने, म्हणजे शर्यतीच्या अनेक पट्ट्यांच्या बेल्टने, सीटला बांधलेले असते, नळीवर अग्निरोधक पॅडिंग असते, म्हणून ती नळी रक्षण करते. त्याच गाडीत साध्या बेल्टने, उघड्या डोक्याने निपाणी-कोल्हापूर जाताना कोणी बाजूने धडक दिली, तर तीच पोलादी नळी कपाळाचे हाड फोडू शकते. मागच्या सीटवर आईवडील बसत असतील तर हा धोका तुमच्यापुरताही राहत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. खासगी कारच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि त्यांत आयोजित शर्यती व वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणजे ट्रॅकवर झालेले नुकसान तुमच्या खिशातूनच भरावे लागते. घरात एकच गाडी असेल आणि तीच रविवारी ठोकली गेली, तर सोमवारी कामावर कसे जायचे, हा प्रश्न अगदी साधा वाटला तरी अनेकांची शर्यत त्यामुळेच पहिल्या वर्षी थांबलेली आहे. म्हणून स्विफ्ट रोजची ठेवा, किंवा तिला पूर्णपणे शर्यतीची करून रस्त्यावरून कायमची उतरवा. मधला मार्ग नको.

केजबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या भागात याबाबत एक विशेष अडचण आहे. उद्यमबाग, मच्छे, नावगे या पट्ट्यात फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक सिलिंडर बनवणारे कारखाने एवढे आहेत की कोणतीही लोखंडी वस्तू इथे बनवून मिळते. त्यामुळे ‘केज काय, वाकवलेला पाईपच आहे, आपला फॅब्रिकेटर दोन दिवसांत करून देईल,’ असे सहज म्हटले जाते. कौशल्य इथे खरोखर आहे, त्याबद्दल मला अभिमानच आहे. परंतु केजची ताकद आधी नळीच्या जातीत असते आणि नंतर वेल्डिंगमध्ये. एक मुलगा जुन्या एस्टीममध्ये तयार केज बसवून आमच्याकडे फक्त सीटचे काम करायला आला होता. नळीला बोटांनी ठोकल्यावर आवाज हलका वाटला, म्हणून मालकाला विचारून मागच्या आडव्या नळीचा तुकडा हॅकसॉने कापला. आतल्या बाजूने बोट फिरवले तर लांबीभर उभी शिवण लागत होती आणि व्हर्नियरने जाडी मोजली तर ती दोन मिलिमीटरही भरली नाही. घराच्या ग्रिलला आणि फर्निचरला वापरतात तो ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा गोल वळवून शिवणीवर वेल्ड केलेला, पाईप होता, आणि त्यावरचा पावडर कोट मात्र अगदी देखणा होता. गाडी उलटली असती तर अशी नळी शिवणीवर उकलण्याची किंवा मोडून आत येण्याची भीती होती.

आंतरराष्ट्रीय नियमांत केजसाठी शिवण नसलेली, थंड ओढलेली कार्बन स्टीलची नळी मागितली आहे, जिची ताण सोसण्याची किमान ताकद ३५० मेगापास्कल असली पाहिजे. चालकाच्या मागच्या मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाची २.५ मिलिमीटर जाड किंवा ५० मिलिमीटर व्यासाची २ मिलिमीटर जाड नळी लागते, इतर बाजूंना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ चालते. वाकवताना मध्यरेषेवरची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. वाळू भरून, तापवून जागच्या जागी दाबलेला बाक आतल्या बाजूने सुरकुततो आणि तिथेच नळी मोडते. केजच्या प्रत्येक पायाखाली निदान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेली असावी लागते, कारण तशी पट्टी नसेल तर धक्क्याच्या वेळी केजचा पाय फ्लोअरचा पातळ पत्रा फाडून सरळ खाली जातो. बोल्ट प्रत्येक पायाला किमान तीन, एम-८ (८ मिलिमीटर व्यासाचे) आणि ८.८ या ताकदीच्या ग्रेडचे. हायड्रॉलिकचे काम करणाऱ्या कारखान्यांना सीमलेस नळी म्हणजे काय आणि तिच्याबरोबर मिलचे टेस्ट सर्टिफिकेट कसे मागायचे, हे उत्तम ठाऊक असते, तेव्हा माल घेताना अशाच एखाद्या ओळखीच्या माणसाला बरोबर न्या. ओतीव लोखंडाचा ब्रॅकेट मात्र केजला, सीटला किंवा बेल्टला कुठेही लावू नका. फाउंड्री दारात असली तरी नाही. ओतीव लोखंड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते.

केजइतकेच महत्त्व सीट आणि हार्नेसच्या कोनाला आहे. खांद्यावरचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून फार खाली उतरू नयेत. नियमाची शेवटची मर्यादा ४५ अंशांची आहे, पण मी ते केजच्या आडव्या नळीला जवळजवळ समपातळीत बांधतो. हेच पट्टे मागच्या सीटच्या बेल्टच्या भोकात, जमिनीला बांधलेले अनेकदा दिसतात. समोरून धडक बसली की असे पट्टे खांद्यांना खाली ओढतात आणि सगळा दाब पाठीच्या कण्यावर येतो. दोन मांड्यांमधून येणारा पट्टा नसेल तर माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतो आणि तो पट्टा पोटात रुततो. हार्नेसवर आणि सीटवर वैधतेचे वर्ष लिहिलेले असते. जुन्या बाजारातून स्वस्तात घेतलेला, मुदत संपलेला हार्नेस स्क्रुटिनीत नाकारला जातो आणि तो नाकारणे योग्यच आहे, कारण उन्हाने आणि घामाने पट्ट्याचे सूत कमजोर होते.

अंगावरच्या साहित्यात हेल्मेटबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. दुचाकीचे आयएसआय हेल्मेट कितीही चांगले असले तरी ते रस्त्यावर पडण्यासाठी बनवलेले आहे. कारच्या हेल्मेटची चाचणी केजच्या नळीवर आपटण्यासाठी आणि आगीसाठी वेगळी होते. म्हणून स्नेल एसए किंवा एफआयए ८८५९ हा शिक्का पाहूनच घ्या (स्नेल ही हेल्मेट तपासणारी संस्था आणि एफआयए ही मोटर शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना). त्याच्या जोडीला मान आणि डोके आवरणारे हान्स हवे. डोके हेल्मेटसह पुढे फेकले जात असताना छाती हार्नेसने जागीच खिळलेली असेल, तर मानेवर आणि कवटीच्या तळाच्या हाडावर भयंकर ताण येतो, आणि म्हणूनच हान्सशिवाय चांगला हार्नेस वापरणे ही अर्धवट सुरक्षितता आहे. अमेरिकेत रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी हे साधन १९८० च्या दशकात तयार केले, पण फॉर्म्युला वनमध्ये ते सक्तीचे व्हायला २००३ साल उजाडले. त्या काळात गेलेले जीव परत येणार नाहीत, निदान आपण तरी पैशासाठी ते टाळू नये. अग्निरोधक सूट, हातमोजे, बूट आणि आतले कपडे एफआयए मानकाचे घ्या. सूटच्या आत नायलॉन किंवा पॉलिस्टरचा टी-शर्ट घालू नका, कारण तो वितळून कातडीला चिकटतो.

आगीपुरते एवढेच सांगतो. गाडीत एलपीजी किट असेल तर टाकीसह पूर्ण काढा. डॅशबोर्डमागच्या पत्र्यातली वायरिंगची रिकामी भोके पत्र्यानेच बंद करा. २ किलोचे पावडरचे अग्निशामक धातूच्या पट्ट्यांनी, चालकाचा हात पोहोचेल असे बसवा. प्लास्टिकच्या क्लिपवर ठेवलेले अग्निशामक धडकेत सुटते आणि तेच अंगावर येते. बॅटरी तोडणारा मुख्य स्विच इंजिनही बंद करतो की नाही हे गाडी चालू ठेवून तपासा, कारण चुकीच्या जोडणीत अल्टरनेटरवर इंजिन चालूच राहते.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा झाला. स्वतःच्या अंगावरचे पूर्ण साहित्य नवे घेतले तर माझ्या अंदाजाने दीड लाखाच्या आसपास जाते. योग्य नळीचा केज, सीट, हार्नेस, अग्निशामक आणि मुख्य स्विच हे सारे मजुरीसह दोन लाखांच्या पुढे सहज पोहोचते. दर बदलत राहतात, पण या दोन आकड्यांनंतर ५ लाखांतले जेमतेम दीड लाख हातात राहतात आणि त्यात ब्रेक, टायर, सस्पेन्शन, परवाना, प्रवेश शुल्क आणि ट्रेलर बसवायचा आहे. गाडी तयार होईल, पण ती उभी राहील. यामुळेच तुमच्या बजेटमध्ये स्विफ्टची शर्यतीची गाडी करू नका, असे मी म्हणतो.

त्याऐवजी दीड लाखाचे अंगावरचे साहित्य आज घ्या. ते गाडी बदलली तरी तुमच्याबरोबर राहते, पहिल्या गाडीतला केज मात्र दुसरीत जात नाही. उरलेल्या पैशांत मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलचे प्रशिक्षण पूर्ण करून एफएमएससीआयचा (देशातल्या मोटर क्रीडेच्या राष्ट्रीय संघटनेचा) परवाना काढा आणि एखाद्या टीमकडून भाड्याने गाडी घेऊन नवोदितांच्या गटात उतरा. कोईम्बतूरला होणाऱ्या नवोदितांच्या स्पर्धांत सगळ्यांना सारख्याच एलजीबी फॉर्म्युला (एकाच सीटच्या, उघड्या चाकांच्या) गाड्या असतात आणि त्यांत मारुती स्विफ्टचेच १.३ लिटरचे इंजिन बसवलेले असते, म्हणजे तुमच्या दारातल्या गाडीचेच. स्वस्त, सारख्या आणि देशी इंजिनाच्या गाड्यांवर नव्या चालकांना घडवण्याची ही रीत आपल्याकडे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावरच्या फॉर्म्युला मारुती गाड्यांपासून रुजवली, आणि करी स्पीडवेला त्यांचेच नाव आहे. भाड्याच्या गाडीत टायर, मेकॅनिक आणि वाहतूक बहुधा टीमकडे असते. तुम्ही बॅग घेऊन बसने किंवा रेल्वेने जाता, गाडी चालवता आणि परत येता. करार करताना मात्र एक गोष्ट लेखी घ्या: अपघातात गाडीचे नुकसान झाले तर तुम्ही कमाल किती रक्कम भरायची. ही मर्यादा ठरलेली नसेल तर सही करू नका आणि ती रक्कम शेवटपर्यंत बँकेत वेगळी ठेवा.

तरीही स्विफ्टवर हात चालवायची इच्छा असेलच, आणि ती असणार हे मी जाणतो, तर जे बदल रस्त्यावरही गाडी सुधारतात आणि ऑटोक्रॉसलाही उपयोगी पडतात ते करा. पहिले काम ब्रेकचे. वेग १०० वरून १२० वर गेला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाची ताकद वाढवून सरळ रस्त्यावर मिळवलेला प्रत्येक किलोमीटरचा वेग पुढच्या वळणावर ब्रेककडून वसूल होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-चोर्ल्याच्या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांत, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते. कॅलिपरचा निपल सैल करून पहिले ऑइल पारदर्शक बाटलीत घ्या. ते कोऱ्या चहाच्या रंगाचे आले तर त्याचे आयुष्य संपलेले आहे. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डिस्क तापली की ते ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जाते. म्हणून प्रत्येक स्पर्धेपूर्वी ऑइल बदला, चांगल्या दर्जाचे पॅड घाला, रबरी होज फुगलेले असतील तर नवे घाला. सत्र संपल्यावर एक फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारा आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता चाकाला लाकडी गुटका लावा, कारण तापलेला ड्रम घट्ट धरलेल्या शूवर थंड होताना आकार बिघडवून घेतो.

त्यानंतर लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, हब बेअरिंग, इंजिन माउंटिंग आणि गळके शॉकअप बदला. इतक्या वर्षांच्या गाडीत हे भाग नवे घातले की ग्राहक गाडी चालवून येतो आणि विचारतो की इंजिनात काय केले. रेडिएटर धुवून घ्या, सगळे होज आणि थर्मोस्टॅट बदला. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे टायर कडक झालेले असतात, ते शर्यतीला वापरू नका. एक चांगला प्रेशर गेज विकत घ्या आणि प्रत्येक फेरीआधी व नंतर चारही टायरचे आकडे वहीत लिहा. मातीतल्या ऑटोक्रॉसनंतर एअर फिल्टर त्याच दिवशी बदला. आपली लाल माती पिठासारखी बारीक असते आणि फिल्टरच्या कडेने आत गेली तर सिलिंडरला ओरखडे पाडते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. तुमच्या १२९८ सीसी इंजिनाची मूळ ताकद सुमारे ८७ अश्वशक्ती आहे. नुसत्या सायलेन्सरने तिच्यात फारच थोडा फरक पडतो, आवाज मात्र पुष्कळ वाढतो, आणि रस्त्यावर त्याबद्दल दंड होतो. अनुभवी चालकाला तुमच्याच गाडीत बसवले तर तो एका फेरीत काही सेकंद जास्त वेगाने जाईल. तेवढा फरक इंजिनातून काढायला लाखो रुपये आणि दर हंगामाला इंजिन उघडणे आले. निदान दोन हंगाम तरी इंजिनाला तेल, पाणी, प्लग आणि टायमिंग बेल्ट यांपलीकडे हात लावू नका.

एक विनंती कळकळीने करतो. ही गाडी कुठे ‘तपासून’ पाहू नका: राष्ट्रीय महामार्गावर रात्री नाही, सांबऱ्याच्या रस्त्यावर नाही, चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात नाही. त्या घाटांत वळणापलीकडे गवा उभा असतो, बंद पडलेला ट्रक असतो, दुचाकीवर बायकोमुलांना घेऊन जाणारा माणूस असतो. कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि दुसऱ्या वेळी एक वर्ष व १०,००० रुपयांपर्यंत ही मर्यादा जाते. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा असते, मार्शल असतात, रुग्णवाहिका उभी असते. घाटात यांपैकी काहीही नसते.

आईवडिलांना काय सांगावे, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला. धोका नाही असे त्यांना सांगू नका, कारण ते खरे नाही. त्यांना एकदा कोईम्बतूरला सोबत न्या आणि स्क्रुटिनी कशी होते, मार्शल झेंडे कसे दाखवतात, डॉक्टर कुठे उभे असतात, ते प्रत्यक्ष पाहू द्या. आणि जाण्याआधी स्वतःच्या आरोग्य विम्याची पॉलिसी काढून वाचा. साहसी खेळांच्या अपवादात मोटर रेसिंगचा उल्लेख असतो आणि प्रमाणित मजकुरात तो अपवाद व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. तुमच्यासारख्या हौशी चालकाचा खर्च त्यांना मान्य आहे का, हे विमा कंपनीला ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. वैयक्तिक अपघात पॉलिसीबद्दलही तसेच विचारा, कारण तिची कलमे वेगळी असतात. आयोजकांच्या विम्यात चालकाला किती रकमेचे संरक्षण आहे, हेही प्रवेश अर्ज भरतानाच विचारता येते.

पहिल्या वर्षाची सुरुवात मी अशी केली असती. पावसाळ्यात कोल्हापूरला महिन्यातून एकदा कार्टिंग, शक्यतो ओल्या ट्रॅकवरही, कारण ओल्यावर हात लवकर हळुवार होतो. त्याच काळात हेल्मेट आणि हान्स घेऊन वैद्यकीय तपासणी उरकायची, रेसिंग स्कूलची तारीख पक्की करायची. हेल्मेट ऑनलाइन मागवू नका. बेंगळूरला किंवा पुण्याला जाऊन डोक्यावर घाला, पट्टा बांधा आणि पंधरा-वीस मिनिटे दुकानातच घालून बसा. कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर तो आकार तुमचा नाही, आणि गालाची गादी हाताने हलवताना कातडीवरून घसरत असेल तर एक नंबर लहान मागा.